ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या कूर्चापेशी, ग्रोथ फॅक्टर आणि संप्रेरके: पहिला प्रयोग उभा करताना

ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) झालेल्या सांध्यातल्या कूर्चापेशींवर ग्रोथ फॅक्टरचा (पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचा) किंवा संप्रेरकाचा काय परिणाम होतो, हा विषय ज्यांनी नुकताच हाती घेतला आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. पेशी कशा मिळवायच्या, कशा वाढवायच्या, त्यांना काय आणि किती द्यायचे, मग काय मोजायचे, हे क्रमाने येईल. सगळ्या पायऱ्यांना सारखी जागा दिलेली नाही. नवखी मंडळी जिथे हमखास अडकतात तिथे जास्त थांबू.

आधी मूळ मुद्दा. दुखऱ्या सांध्यात वाढीच्या घटकांचा तुटवडा पडलेला असतो, ते बाहेरून दिले की कूर्चा भरून येईल, अशी समजूत घेऊन बरेच जण या विषयात येतात. ती अपुरी आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (पुढे नुसते ‘ओए’ म्हणू) सांध्यात आयजीएफ-१, टीजीएफ-बीटा हे वाढीचे घटक असतात, एफजीएफ-२ तर भरपूर असतो. बिघडलेला असतो तो पेशीचा प्रतिसाद. कुठे घटक पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवला जातो, कुठे त्याचे रिसेप्टर (पेशीवर त्याचा संदेश झेलणारी प्रथिने) बदललेले असतात, कुठे रिसेप्टरनंतरचा संदेश भलत्याच वाटेने जातो. म्हणून प्रयोगाची आखणी करताना ‘किती घातले’ याच्या जोडीला ‘पेशीपर्यंत किती पोहोचले आणि तिने त्याचे काय केले’ हा प्रश्न कायम समोर ठेवा.

आधी एक जुना प्रयोग समजून घ्या

या विषयाची सुरुवातच कूर्चेतून झाली आहे. १९५७ साली सॅल्मन आणि डॉहडे यांनी उंदरांच्या बरगड्यांची कूर्चा बशीत ठेवली आणि ती किरणोत्सारी सल्फेट किती शोषून घेते ते मोजले. कूर्चेतली प्रोटिओग्लायकेन रेणूंची बांधणी मोजण्याची ती पद्धत होती. पीयूषिका ग्रंथी काढलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात कूर्चा फारशी कामाला लागेना. त्या द्रवात वृद्धी संप्रेरक थेट मिसळले तरी फरक नगण्य. मात्र तेच संप्रेरक जिवंत उंदराला टोचले आणि मग त्याचा रक्तद्रव वापरला, तर सल्फेट शोषण वाढले. म्हणजे संप्रेरकाचे काम रक्तातला कुठला तरी मध्यस्थ करत होता. त्याला आधी ‘सल्फेशन फॅक्टर’, १९७२ मध्ये ‘सोमॅटोमेडिन’ असे नाव मिळाले. १९७८ मध्ये त्याची ७० अमिनो आम्लांची रचना उलगडली आणि आयजीएफ-१ हे आजचे नाव रूढ झाले.

हा प्रयोग मूळातून वाचावा असा आग्रह आहे. संप्रेरक आणि स्थानिक ग्रोथ फॅक्टर हे दोन वेगळे कप्पे नाहीत, हे त्यात लख्ख दिसते. शिवाय नकारात्मक निकालाचा अर्थ ‘हा पदार्थ निरुपयोगी’ असाच होतो असे नाही, हेही कळते.

पेशीची परिस्थिती

सांध्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, चेता नाहीत, लसिकावाहिन्याही नाहीत. वजनाचा बहुतांश भाग पाणी. पेशी एकूण आकारमानाच्या जेमतेम काही टक्के. उरलेल्या जागेत टाइप-२ कोलॅजनची जाळी आणि तिच्यात अडकलेले अॅग्रिकॅनचे प्रचंड, ऋणभारित रेणू. अॅग्रिकॅनची झीज-भर वर्षानुवर्षांच्या गतीने चालू असते. कोलॅजनचे अर्धायुष्य मात्र शंभर वर्षांहून जास्त निघाले आहे, म्हणजे प्रौढपणी ते जवळजवळ बदलले जात नाही. एकदा ही जाळी तुटली की पेशी पुन्हा तशीच विणू शकत नाही. ओएची सगळी हानी या एका वाक्यात सामावते.

कुठलाही घटक पेशीपर्यंत पोहोचतो तो या दाट जाळीतून झिरपत. प्राणवायू फक्त एक ते पाच टक्के. रोजचा दाब-उठाव वेगळाच. तुमच्या प्लेटमधल्या पेशीला यातले काहीच मिळत नाही. निकाल लिहिताना ही गोष्ट ध्यानात असू द्या.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘टीजीएफ-बीटाचा ओए कूर्चापेशींवर परिणाम’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झाले. ‘टीजीएफ-बीटा-१ दिल्यावर ओए पेशींत एमएमपी-१३ हे कोलॅजन तोडणारे विकर वाढते का, आणि अल्क-५ हा रिसेप्टर रोखल्यावरही ती वाढ टिकते का?’ हा प्रश्न झाला. त्यात घटक आहे, मोजमाप आहे आणि कारण शोधायची वाटही आहे. मार्गदर्शकांशी पहिली चर्चा या वाक्यावरच करा. पुढचे सगळे खर्च यावरून ठरतात.

प्रश्न ठरवताना मुख्य घटकांची ही थोडक्यात ओळख उपयोगी पडेल.

आयजीएफ-१ निरोगी कूर्चेत बांधणीला चालना देतो: अॅग्रिकॅन, टाइप-२ कोलॅजन वाढवतो, पेशींना मरण्यापासून वाचवतो. ओएच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यांच्यावर त्याचे रिसेप्टर कमी झालेले नसतात. त्याला धरून ठेवणारी आयजीएफबीपी नावाची प्रथिने या पेशी जास्त बनवतात, त्यामुळे मोकळा आयजीएफ-१ कमी उरतो. भरीला ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे रिसेप्टरनंतरच्या संदेशाचा अक्ट हा मार्ग दबतो आणि ईआरके हा मार्ग वर येतो. दोन अडथळे आहेत, आणि ते वेगवेगळे तपासावे लागतात.

टीजीएफ-बीटा हा या विषयातला सर्वांत अवघड घटक आहे. तो पेशीबाहेर निष्क्रिय रूपात साठवलेला असतो आणि मोकळा झाल्याशिवाय काम करत नाही. अल्क-५ या रिसेप्टरमार्गे तो स्मॅड-२ आणि ३ या संदेशवाहक प्रथिनांना जागे करतो, त्याने पेशी आपली ओळख टिकवते. अल्क-१ मार्गे स्मॅड-१, ५ आणि ८ जागे होतात, आणि त्या वाटेने पेशी फुगून हाडाच्या दिशेने झुकते. वयानुसार आणि ओएमध्ये पारडे अल्क-१ कडे कलते; माणसाच्या ओए कूर्चेत अल्क-१ आणि एमएमपी-१३ यांची पातळी जोडीने वाढलेली आढळली आहे. त्यात आणखी एक अडचण: उंदराच्या सांध्यात टीजीएफ-बीटा टोचला तर कडेला हाडाचे काटे, म्हणजे ऑस्टिओफाइट, उगवतात आणि सांध्याचे अस्तर जाड होते. कूर्चेला पोषक ठरलेला घटक आख्ख्या सांध्याला पोषक असेलच असे नाही.

एफजीएफ-२ पेशीभोवतीच्या परलेकॅन या रेणूला चिकटून बसलेला असतो. कूर्चा कापली किंवा दाबली की सुटतो. कुठल्या रिसेप्टरला लागतो त्यावर पुढचे ठरते. एफजीएफआर-१ मार्गे मोडतोड, एफजीएफआर-३ मार्गे बांधणी, असे ढोबळ चित्र मानवी पेशींत दिसते. पण एफजीएफ-२ नसलेल्या उंदरांत ओए लवकर होतो, हे या चित्रात नीट बसत नाही. ही विसंगती अभ्यासासारखी आहे. एफजीएफ-१८ मुख्यतः एफजीएफआर-३ मार्गे चालतो, म्हणून औषध म्हणून त्याच्यावर आशा ठेवली गेली. बीएमपी-२ आणि बीएमपी-७ हे टीजीएफ-बीटाच्याच कुळातले. बीएमपी-२ पेशीला फुगवट्याकडे नेऊ शकतो, बीएमपी-७ तुलनेने सौम्य.

आता संप्रेरके. इस्ट्रोजेनचे अल्फा आणि बीटा असे दोन्ही रिसेप्टर मानवी कूर्चापेशींत आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत ओए वाढतो, म्हणून इस्ट्रोजेन रक्षक असणार असे मानण्याकडे कल असतो. पण प्राण्यांच्या सांध्यात मोठ्या मात्रेने टोचलेल्या इस्ट्रॅडिऑलने (मुख्य इस्ट्रोजेनने) कूर्चेला इजा झाल्याचेही दाखले आहेत. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीत नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत सांधेबदलाचे प्रमाण काहीसे कमी दिसले, प्रोजेस्टिनची जोड असलेल्या गटात तसे दिसले नाही. म्हणून ‘रक्षक’ हा शब्द गृहीतकातच लिहू नका.

थायरॉइडचे टी-३ पेशीला फुगवट्याकडे ढकलते: टाइप-१० कोलॅजन, अल्कलाइन फॉस्फटेज, एमएमपी-१३ वाढतात. टी-४ चे टी-३ करणाऱ्या विकराचे जनुक, डिओ-२, याचा ओएच्या जोखमीशी संबंध २००८ मध्ये मांडला गेला. पॅराथायरॉइडशी नाते सांगणारे पीटीएचआरपी उलट बाजूने काम करते आणि फुगवटा रोखते.

लेप्टिनबद्दल, म्हणजे चरबीच्या पेशींतून येणाऱ्या संप्रेरकाबद्दल, थोडे जास्त सांगायला हवे. लठ्ठपणा आणि गुडघ्याचा ओए यांचे नाते नुसत्या वजनाचे असते तर हाताच्या बोटांचा ओए लठ्ठ माणसांत जास्त का असावा? बोटांवर कोणी चालत नाही. लेप्टिन किंवा त्याचा रिसेप्टर नसलेले उंदीर अतिशय लठ्ठ होतात, तरी त्यांच्यात गुडघ्याचा ओए वाढलेला आढळला नाही. दुसरीकडे, मानवी ओए कूर्चेत लेप्टिन सापडते, आणि उंदरांच्या सांध्यात ते टोचल्यावर कूर्चेत आयजीएफ-१ आणि टीजीएफ-बीटा दोन्ही वाढले. एखादे संप्रेरक स्थानिक ग्रोथ फॅक्टरमधून कसे बोलते याचे हे ताजे उदाहरण. नवीन प्रश्न शोधत असाल तर इथे अजून खूप वाव आहे.

पायरी २: ऊतक मिळवणे आणि त्याची नोंद

मानवी ओए कूर्चा बहुधा गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतून मिळते. नैतिक समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती आधी, ऊतक मागणारा फोन नंतर. शस्त्रक्रिया विभागाला निर्जंतुक डबा आणि थंड माध्यम (पेशींचे पोषकद्रव) आदल्या दिवशी पोहोचवा. तुकडा सतत ओला राहिला पाहिजे. कोरडी पडलेली पृष्ठभागाची पेशी परत येत नाही. मानवी ऊतकाला जैवसुरक्षेचे नियम लागू होतात, हातमोजे आणि कॅबिनेट यात तडजोड नको.

प्रत्येक दात्याचे वय, लिंग, वजन-उंची, मधुमेह, थायरॉइडचा आजार, चालू औषधे (विशेषतः स्टिरॉइड, सांध्यातली इंजेक्शने, संप्रेरक उपचार) यांची नोंद सांकेतिक क्रमांकाखाली ठेवा. संप्रेरकांचा प्रयोग करणाऱ्याने ही माहिती न घेणे म्हणजे निम्मा प्रयोग टाकून देणे.

तुकड्याचा फोटो काढा आणि कुठून कापले ते त्यावर खुणवा. एकाच गुडघ्यात झिजलेली जागा आणि बऱ्यापैकी शाबूत जागा दोन्ही असतात. दोन्ही वेगळ्या ठेवल्या तर एकाच दात्यात तुलना करता येते, आणि ती फार मोलाची असते. पण शाबूत दिसणारा भाग निरोगी समजू नका. त्या पेशीही त्याच आजारी सांध्यात राहिल्या आहेत. शेजारचा छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सॅफ्रनिन-ओ रंग द्या आणि मॅन्किन किंवा ओआर्सी पद्धतीने झिजेचे गुण द्या. दोन जणांनी, एकमेकांचे गुण न पाहता.

पायरी ३: पेशी वेगळ्या करणे

कूर्चा पातळ कापांत उतरवा. पाते खालच्या हाडाला लागले, लालसर कण आले की थांबा. तिथून हाडाच्या आणि मज्जेच्या पेशी मिसळतात. काप एक-दोन मिलिमीटरचे करा. आधी प्रोनेज या प्रथिने तोडणाऱ्या विकरात सुमारे तासभर, मग ते धुऊन कमी तीव्रतेच्या कोलॅजनेज या कोलॅजन तोडणाऱ्या विकरात रात्रभर, ३७ अंशांवर, हलकेच हलवत. कोलॅजनेजच्या प्रत्येक बॅचची ताकद वेगळी, त्यामुळे नवी बाटली आली की थोड्या ऊतकावर आधी तपासा. सकाळी ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, दोन-तीनदा धुवा, ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजा.

विकरांनी पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टरही खरवडले जातात. म्हणून पेशी मिळाल्या त्याच दिवशी ग्रोथ फॅक्टर देऊ नका. निदान एक-दोन दिवस सावरू द्या.

पायरी ४: आकार सांभाळा

प्लास्टिकवर पसरलेली कूर्चापेशी हळूहळू आपली ओळख विसरते. गोल असलेली लांबट होते, टाइप-२ कोलॅजन कमी करून टाइप-१ बनवू लागते. दर पॅसेजला, म्हणजे पेशी उचलून नव्या भांड्यात पेरल्या की प्रत्येक वेळी, हे वाढत जाते. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी सशाच्या अशा ओळख हरवलेल्या पेशी अगरोजच्या जेलमध्ये ठेवल्यावर त्या पुन्हा टाइप-२ कडे वळल्या. आकार हाही एक संदेश आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

प्लास्टिकवर प्रयोग करायचाच असेल तर दाट पेरा आणि पहिल्या पॅसेजच्या पुढे जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या पॅसेजच्या पेशींवर केलेल्या प्रयोगात ओए आणि निरोगी यांच्यातला फरक बहुधा पुसला गेलेला असतो. संख्या वाढवायला एफजीएफ-२ वापरण्याची पद्धत आहे. पण तुमचा प्रश्न एफजीएफबद्दलच असेल तर ते करता येणार नाही, हे उघड आहे आणि तरीही होते.

मॅट्रिक्स (पेशींभोवतीची जाळी) मोजायचे असेल तर त्रिमितीय कल्चर घ्या. अल्जिनेटचे मणी सोपे: १.२ टक्के अल्जिनेटमध्ये दर मिलिलिटरला सुमारे ४० लाख पेशी, २२ गेजच्या सुईतून १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे, दहा मिनिटांत मणी तयार. पेशी परत हव्या असतील तर ५५ मिलिमोलर सोडियम सायट्रेटमध्ये मणी विरघळतात. पेलेट करायचा तर दोन ते पाच लाख पेशी नळीत हलक्या वेगाने खाली बसवायच्या. एक-दोन दिवसांत गोळी बनते. पहिल्या प्रयोगासाठी मला अल्जिनेट जास्त पसंत आहे, कारण पेलेटच्या गाभ्यापर्यंत घटक सारखा पोहोचत नाही.

पायरी ५: माध्यमात आधीच काय आहे ते तपासा

या विषयातले सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष माध्यमामुळे निघतात. तुम्ही घटक घालण्यापूर्वीच पेशीला माध्यमातून भरपूर काही मिळत असते.

इन्सुलिनपासून सुरुवात करू. सीरमऐवजी (रक्तातल्या द्रवाऐवजी) बरेच जण आयटीएस हे इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियमचे मिश्रण वापरतात. नेहमीच्या प्रमाणात त्यात दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन येते, म्हणजे सुमारे १.७ मायक्रोमोलर. रक्तातल्या पातळीच्या हजारो पट. इतक्या मात्रेत इन्सुलिन आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही पुरेपूर जागे करते. अशा माध्यमात १०० नॅनोग्रॅम आयजीएफ-१ घातला आणि फरक दिसला नाही, तर ‘ओए पेशी दाद देत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे सरळसरळ चूक आहे. रिसेप्टर आधीच व्यापलेला होता. आयजीएफचा प्रयोग असेल तर इन्सुलिन काढून फक्त ट्रान्सफेरिन, सेलेनियम आणि बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन) असलेले माध्यम बनवा.

मग सीरम. गर्भस्थ वासराच्या सीरममध्ये आयजीएफ, आयजीएफबीपी, निष्क्रिय टीजीएफ-बीटा, इस्ट्रोजेन, थायरॉइड संप्रेरके असे सगळेच असते, आणि बॅचगणिक प्रमाण बदलते. कोळशाने गाळलेल्या सीरममधून स्टिरॉइड आणि थायरॉइड संप्रेरके बरीचशी निघतात. प्रथिन स्वरूपाच्या ग्रोथ फॅक्टरबाबत मात्र त्यावर विसंबू नका. सरळ उपाय असा की घटक देण्यापूर्वी १२ ते २४ तास पेशी सीरमविना ठेवाव्यात आणि प्रयोगही तसाच चालवावा.

इस्ट्रोजेनवर काम करणाऱ्यांनी फेनॉल रेड (माध्यमाची आम्लता दाखवणारा रंग) नसलेलेच माध्यम घ्यावे. बाजारी फेनॉल रेडचा इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम होतो हे १९८६ मध्येच दाखवले गेले. लाल-गुलाबी माध्यमात इस्ट्रॅडिऑलचा कंट्रोल, म्हणजे घटक न दिलेला तुलनेचा गट, खरा कंट्रोल राहत नाही.

त्रिमितीय कल्चरच्या तयार ‘कॉन्ड्रोजेनिक’ माध्यमात १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन असते. ते स्वतःच ग्लुकोकॉर्टिकॉइड आहे, म्हणजे स्टिरॉइड संप्रेरकाच्या प्रयोगात आणखी एक स्टिरॉइड संप्रेरक. दाह दाबण्याचे त्याचे काम इंटरल्यूकिन या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा परिणामही झाकून टाकते. बाटलीवरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा.

ग्लुकोजही पाहा. डीएमईएम हे माध्यम दर लिटरला १ ग्रॅम आणि ४.५ ग्रॅम अशा दोन प्रकारांत मिळते. दुसरे मधुमेही रक्ताहूनही गोड आहे. लेप्टिन किंवा इन्सुलिनवर काम असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. ॲस्कॉर्बिक आम्लाशिवाय कोलॅजन नीट बनत नाही, आणि साधे ॲस्कॉर्बेट माध्यमात लवकर नासते, म्हणून त्याचा टिकाऊ फॉस्फेट प्रकार वापरा. शक्य असल्यास प्राणवायू पाच टक्क्यांपर्यंत खाली आणा.

पायरी ६: मात्रा, वाहक आणि वेळ

टीजीएफ-बीटा काच आणि प्लास्टिक दोन्हींना चिकटतो. पावडर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, बीएसएसारख्या वाहक प्रथिनासोबत विरघळवा, छोट्या भागांत गोठवा, एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. कंट्रोलच्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यातही) तेच आम्ल आणि तेवढेच बीएसए गेले पाहिजे. स्टिरॉइड इथेनॉलमध्ये विरघळवतात. अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर नको आणि सगळ्या वेलमध्ये ते सारखे हवे.

एकाच मात्रेवर प्रयोग करू नका. आयजीएफ-१ साठी १० ते १०० नॅनोग्रॅम दर मिलिलिटर, टीजीएफ-बीटासाठी १ ते १० अशी शिडी घ्या. इस्ट्रॅडिऑल ०.१ नॅनोमोलरपासून सुरू करा, कारण शरीरातली पातळी त्याच्याच आसपास असते. मायक्रोमोलर मात्रेत दिसलेल्या परिणामाला संप्रेरकाचा परिणाम म्हणणे धाडसाचे आहे. तो त्याच्या रिसेप्टरमार्गेच झाला हे दाखवायला फुलव्हेस्ट्रंट हा रोधक जोडीने द्या.

आयजीएफ-१ दाद देत नसेल तर इथे एक सुरेख कसोटी आहे. त्याचे एलआर-३ किंवा डेस १-३ हे बदललेले प्रकार आयजीएफबीपीला फारसे चिकटत नाहीत, रिसेप्टरला मात्र लागतात. साध्या आयजीएफ-१ ला गप्प असलेल्या पेशी एलआर-३ ला जाग्या झाल्या, तर अडथळा बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांचा आहे. दोन्हींना गप्प राहिल्या, तर रिसेप्टरच्या आत शोधा.

दाहाचे वातावरण म्हणून इंटरल्यूकिन-१-बीटा देण्याची प्रथा आहे, साधारण १ ते १० नॅनोग्रॅम. ओए झालेल्या सांध्यातील द्रवात ते पिकोग्रॅममध्ये असते. प्रयोग चालेल, पण त्याला ‘ओएचे प्रारूप’ म्हणताना जपून.

पायरी ७: काय मोजायचे

वेळेनुसार मोजमाप बदलते. संदेश पोहोचला का हे पाहायला अर्ध्या-एक तासात फॉस्फो-स्मॅड किंवा फॉस्फो-अक्टचा (म्हणजे जागे झालेल्या स्मॅड किंवा अक्टचा) वेस्टर्न ब्लॉट, ही प्रथिन ओळखण्याची चाचणी. टीजीएफ-बीटाच्या प्रयोगात स्मॅड-२ आणि स्मॅड-१/५ दोन्ही पाहा. एकच पाहिले तर अर्धी गोष्ट कळते. जनुके साधारण २४ तासांनी: ओळखीसाठी सॉक्स-९, कोल-२-ए-१, अॅग्रिकॅन, ओळख हरवल्याची खूण कोल-१-ए-१, फुगवट्यासाठी कोल-१०-ए-१ आणि रंक्स-२, मोडतोडीसाठी एमएमपी-१३ आणि अॅडॅम्ट्स-४, ५. संदर्भ जनुक म्हणून आंधळेपणाने गॅप-डीएच घेऊ नका, ग्रोथ फॅक्टरने तेच हलू शकते. टीबीपी, एचपीआरटी-१, आरपीएल-१३-ए अशी दोन-तीन जनुके आपल्याच नमुन्यांवर स्थिर आहेत का ते तपासून निवडा.

मॅट्रिक्सला दोन-तीन आठवडे लागतात. ग्लायकोसॅमिनोग्लायकेन मोजायला डीएमएमबी रंगाची चाचणी: नमुना पपेनने ६० ते ६५ अंशांवर पचवायचा, रंग मिसळायचा, लगेच ५२५ नॅनोमीटरला वाचायचे, थांबलात तर गाळ बसतो. अल्जिनेट स्वतः ऋणभारित असल्यामुळे या रंगाशी खेळतो, म्हणून अधिक आम्ल रंगद्राव वापरा आणि पेशीविना मणी कंट्रोल म्हणून ठेवा. जेलमधले आणि माध्यमात सुटलेले, दोन्ही मोजा. नुसते जेलमधले कमी दिसले तर बांधणी कमी झाली की गळती वाढली, हे सांगता येणार नाही. प्रत्येक आकडा डीएनएवर भागा. पेशी दुप्पट झाल्या म्हणून मॅट्रिक्स दुप्पट दिसणे हा वेगळा निकाल आहे.

पायरी ८: दाते मोजा, वेल नव्हे

एका रुग्णाच्या पेशी बारा वेलमध्ये घातल्या तरी नमुना एकच. सांख्यिकीत ‘एन’ म्हणजे दाते. ओएच्या दात्यांत फरक इतका असतो की एखाद्याच्या पेशी घटकाला तिप्पट दाद देतात, दुसऱ्याच्या ढिम्म राहतात. प्रत्येक दात्याची त्याच्याच कंट्रोलशी जोडीने तुलना करा आणि आलेखात सरासरीच्या खांबाऐवजी प्रत्येक दात्याची रेषा दाखवा. दाद न देणारा दाता अपवाद म्हणून वगळू नका. तो मधुमेही होता का, रजोनिवृत्तीनंतरची स्त्री होती का, आयजीएफबीपी किती होते, हे पाहा. बऱ्याचदा खरा प्रश्न तिथेच सापडतो. स्त्री-पुरुषांचे निकाल एकत्र करण्यापूर्वी वेगळे मांडून पाहा.

ओएशी तुलना करायला निरोगी कूर्चा हवी, आणि ती मिळणे कठीण. मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगानंतर काढलेल्या खुब्याची कूर्चा बऱ्याचदा वापरतात. ती वापरलीत तर सांधा वेगळा आहे, हे स्पष्ट लिहा.

निकाल कुठवर ताणायचा

प्लेटमधून रुग्णापर्यंतचे अंतर किती, याचा अंदाज एफजीएफ-१८ च्या स्प्रिफर्मिन या औषधावरून येतो. ५४९ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने दर सहा महिन्यांनी दिलेल्या गटात दोन वर्षांनी कूर्चेची जाडी प्लॅसिबोपेक्षा सरासरी ०.०५ मिलिमीटरने जास्त भरली. जिवंत माणसाच्या सांध्यात कूर्चा जाड होऊ शकते हे त्यातून दिसले, आणि या क्षेत्रात ती मोठी गोष्ट आहे. पण वेदना आणि हालचालींच्या गुणांत प्लॅसिबोशी अर्थपूर्ण फरक पडला नाही. कूर्चेत चेताच नाहीत. दुखते ते हाड, अस्तर आणि आसपासच्या ऊतींमुळे.

म्हणून प्रबंधाच्या चर्चेत ‘उपचार’ हा शब्द येईल तिथे तीन गोष्टी जोडून लिहा: दिलेली मात्रा सांध्यातल्या पातळीच्या किती जवळ होती, घटक दाट मॅट्रिक्समधून झिरपून पेशीपर्यंत पोहोचेल का, आणि सांध्याच्या अस्तरावर व हाडावर त्याचा काय परिणाम होईल. तिसऱ्या मुद्द्यासाठी त्याच शस्त्रक्रियेतून अस्तराचा तुकडाही मागून ठेवा. संमतीपत्रात त्याचा उल्लेख सुरुवातीलाच करावा लागतो, नंतर मागता येत नाही.